पायाखालचा पाला

लिलाबाई एकदा नाही म्हणाली की नाही. मग सरपंच येवो नाहीतर तहसीलदार, दगडावरची रेघ ती. पण आज तिच्या त्या ‘नाही’पुढे नवरा उभा होता, मोतीलाल, आणि त्याच्या हातात कोयता होता.

वाद बांधावरच्या करंजाचा होता. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रशील साक्रीच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला, तेव्हा त्याच्या अस्थी नदीत न सोडता त्यांनी इथेच बांधावर पुरल्या आणि वर करंजाचं रोप लावलं. भर उन्हाळ्यात डोक्यावर हंडे वाहून लिलाबाईने ते जगवलं. कुणाची शेळी नुसती तिकडे वळली तरी हिचा आवाज शिवारभर जाई. लोक हसत. हसू देत, ज्याचं जळतं त्याला कळतं.

आता भाताची तिकडची रीत अशी, की चिखलणी झाली की झाडांचा ओला पाला छाटून वाफ्यात पसरायचा आणि पायांनी तुडवून चिखलात गाडायचा. तो कुजला की मग लावणी. मोतीलालच्या बांधावरचे जुने करंज रस्ता रुंद करताना गेले. मागच्या साली त्याने पाल्याविनाच लावणी उरकली, तर भात कावीळ झाल्यासारखं पिवळं पडलं आणि घरच्या खाण्यापुरतंही पदरात आलं नाही. यंदा रोप लावणीला आलं होतं, चिखलणी झाली होती, आणि पाला होता तो या एकाच झाडावर.

“छाटाले मनी ना नही,” लिलाबाई म्हणाली. “छाटं म्हणजे झाड जोरमा फुटस, माले माहीत शे. पन तो पाला पायखाल तुडवना पडी. मना पोऱ्याले मी पायखाल लेऊ?”

पोरगा मोतीलालचाही होता. कोयता खाली करून तो चिखलाकडे बघत राहिला.

सून संघमित्रा पुढे आली. तिने पदर खोचला आणि सासऱ्यापुढे हात केला. “आबा, कोयता द्या.” मग सासूकडे वळून हळूच म्हणाली, “आई, ते इथं असते तर आज तेच चढते झाडवर.”

लिलाबाई मटकन बांधावर बसली, दोन्ही पाय लांब सोडून. हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत असावं.

संघमित्राने झाडावर चढून पहिली फांदी तोडली. ती थेट सासूच्या नडग्यांवर आडवी पडली. सकाळच्या सरीने भिजलेली कोवळी, थंडगार पानं. ती ढकलायला लिलाबाईने हात उचलला आणि हात तसाच राहिला.

अशीच बसायची ती. मोरीत, पाठ भिंतीला टेकून, पाय लांब करून. नडग्यांवर पालथा घातलेला प्रशील, ओला, गुळगुळीत, हातातून निसटू पाहणारा. काय भोकाड पसरायचा! मान धरेपर्यंत त्याचं सगळं न्हाणं याच पायांवर झालं होतं, दर वेळी पाणी आधी हाताने बघून.

लिलाबाई रडली. आडपडदा न ठेवता, मोठ्याने रडली. मोतीलालने तोंड फिरवलं आणि उपरण्याने डोळे पुसले. संघमित्रा मात्र थांबली नाही. फांद्या पडत राहिल्या.

रडणं ओसरल्यावर लिलाबाईने लुगडं वर खोचलं. “बठ्ठा पाला आठे टाका,” ती वाफ्याकडे हात करून म्हणाली. “अन वाफामा कोनी उतरू नका. मी एकलीच.”

पाला पसरून झाला. पावसाने उघडीप दिली होती आणि वाफ्यातलं पाणी उन्हाने तापलं होतं. लिलाबाई काठाशी वाकली. पाऊल टाकण्याआधी तिने पाण्यात हात बुडवला आणि क्षणभर तसाच ठेवला.

“कोमट शे,” ती म्हणाली, आणि हळूच उतरली.