म्हशीपुढचं इंग्रजी गाणं

कोल्हापुरात जन्माला येऊन अमेरिकन जॅझ गाण्याचं वेड लागावं, असं कुणी ठरवून करत नाही. अंबादासपंतांच्या कालिंदीला ते लागलं, आणि चांगलं डोक्यात भिनलं. ही एक्कावन्न सालची गोष्ट. कालिंदी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. आठवडाभर काजं-बटणं करायची आणि रविवारी सकाळी थेटरात लागणाऱ्या जुन्या इंग्रजी नाचगाण्यांच्या सिनेमांतली गाणी डोळे मिटून पाठ करायची. पडद्यावरच्या बायका कोपरापर्यंत हातमोजे घालत, म्हणून हिनं वडिलांचे लोकरीचे पायमोजे उसवून स्वतःसाठी तसले हातमोजे विणले. अंबादासपंतांचे पाय त्या हिवाळ्यात गारठले, पण कलेसाठी घरात कुणाला तरी सोसावंच लागतं.

कालिंदीला एकच हवं होतं. कुणीतरी आपलं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं. पण तिनं तोंड उघडलं की आई देवघरात जाऊन घंटा वाजवायची आणि वडील छत्री घेऊन बाहेर पडायचे, आभाळात ढगाचा पत्ता नसला तरी.

गल्लीच्या तोंडाशी केरबा गवळी रोज संध्याकाळी म्हैस घेऊन उभा राही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळतं दूध पेल्यात द्यायचं, ही गावची रीत. तालमीतले पैलवान त्यासाठी रांग लावत. त्या वर्षी जूनमध्ये म्हशीचं रेडकू मेलं आणि तिनं पान्हा चोरला. केरबानं रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून पुढं ठेवलं, सरकी चारली, अंगारा लावला. म्हैस ढिम्म. नेमकी तेव्हाच कालिंदी शाळेतून गुणगुणत चालली होती. गाणं संथ आणि रडवेलं होतं. म्हशीनं मान वळवली, डोळे मिटले, आणि केरबाच्या चरवीत धार वाजली.

"ताई, थांबू नगा!" केरबा ओरडला. "म्हणा, म्हणा! काय इंग्रजी हाय ते म्हणा!"

त्या दिवसापासून कालिंदीचं तेच गाणं रोज सुरू झालं. केरबानं आधी दुसरे उपाय करून पाहिले. बायकोला ओव्या म्हणायला लावल्या, एका पैलवानाकडून पोवाडा म्हणवला. म्हशीनं पैलवानाला लाथ मारली. तिला जॅझच लागे, आणि तोही कालिंदीचाच. "माझी मुलगी म्हशीपुढे गाणार? लोक काय म्हणतील?" अंबादासपंत कडाडले. मग शेरभर निरसं दूध फुकट घरी येऊ लागलं आणि लोक काय म्हणतात ते त्यांना ऐकू येईनासं झालं.

गोची एवढीच होती की गाणं निम्म्यावर येईतो म्हशीची कास रिकामी होई. केरबा उठे, पैलवान मिशा पुसत तालमीकडं वळत, आणि कालिंदी उरलेलं गाणं गिळून घरी जाई. एकदा केरबानं सहज विचारलं होतं, "कशाचं गाणं म्हणायचं हे?" कालिंदीनं सांगितलं, "एक बाई खिडकीत उभी राहून एकाची वाट बघतेय." केरबानं "हां" म्हणून म्हैस सोडली होती.

ऑक्टोबरात संगीत मंडळाचे चिटणीस गणपतराव स्वतः घरी आले. "कालिंदीताई, आपल्या गाण्याशिवाय यंदा आमची कोजागिरी होणं नाही," ते म्हणाले. कालिंदीला रडूच फुटलं. अखेर मंडळानं बोलावलं होतं!

कोजागिरीच्या संध्याकाळी ती नटूनथटून गेली. सभागृहात गालिचे अंथरले होते, तंबोरे जुळत होते, पुढं वकील-डॉक्टर बसले होते. ती व्यासपीठाकडं निघाली, तशी गणपतरावांनी अदबीनं वाट अडवली. "इकडून नव्हे. मागच्या अंगणात."

मागच्या अंगणात केरबा होता, म्हैस होती आणि रिकामं पातेलं होतं.

"बाकीचं दूध आलंय," गणपतराव समजुतीनं म्हणाले, "पण या म्हशीचं पडल्याशिवाय मसाला दुधाला दाटपणा नाही. जरा हळू गा हं. आत यमन सुरू होईल."

 तसंच परत फिरावं असं कालिंदीच्या मनात आलं, पण म्हैस तिच्याकडं बघून अशी रेकली की आतला तंबोरा थबकला. मग ती गायली. पातेलं भरत आलं.

"बास, बास! झालं काम," गणपतराव म्हणाले. "फार उपकार झाले. जाताना पेलाभर दूध घेऊन जा."

गाणं नेहमीच्या जागी तुटलं. कालिंदीनं मनाशी ठरवून टाकलं, हे शेवटचं. उद्यापासून काजं आणि बटणं.

गणपतराव पातेल्याला हात घालणार, एवढ्यात केरबा आडवा आला. "न्हाय द्यायचं."

"अरे, भरलं की पातेलं!"

"पातेलं भरलं, पर गाणं कुठं झालंय? चार म्हयनं रोज हितंच तुटतंय. मला झोप लागंना झालीया. ती बाई तशीच खिडकीत हुभी हाय, आन् त्यो आला का न्हाय, पत्त्या न्हाय! गाणं संपल्याबिगार दूध हलायचं न्हाय."

"आत मंडळी खोळंबलीत, केरबा!"

"खोळंबू द्यात. मी चार म्हयनं खोळंबलोय." तो उकिडवा बसला. "म्हणा, ताई. म्होरलं म्हणा."

म्होरलं गाणं इतके दिवस घशातच राहिलं होतं. पहिल्या ओळीला ते अडखळलं, दुसरीला कापलं, आणि मग असं मोकळं सुटलं की हळू गायचं कालिंदी साफ विसरली. आतला यमन आत राहिला. म्हशीच्या कासेत आता थेंब नव्हता, तरी तिनं शेपूटसुद्धा हलवलं नाही.

गाणं संपलं. केरबानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले.

"न्हाय आला न्हवं त्यो?"

"नाही आला," कालिंदी म्हणाली.

"वाटलंच हुतं मला." त्यानं पातेलं गणपतरावांकडं सरकवलं. "न्या तुमचं दूध."

कालिंदीला हुंदका आवरेना. आपलं गाणं संपेपर्यंत कुणीतरी जागचं हललं नव्हतं, आणि त्या आनंदानं तिला काही सुचत नव्हतं. तिनं पदरानं नाक पुसलं आणि भीत भीत विचारलं, "दुसरं म्हणू?"

"त्यात तरी यील का कोन?"

"येतो."

"मग म्हणा की," केरबा म्हणाला आणि भिंतीला टेकून नीट बसला.