धाकटीचं पोट

माझ्या नाकावर कायम राग असतो, असं घरचे म्हणतात. खरं आहे. तयार कपड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून मी लोकांचे कपडे उसवून सैल करून देते, आणि प्रत्येक गिऱ्हाईक सांगतं की कपडा धुऊन आटला. पोट कुणाचंच सुटलेलं नसतं. त्यामुळे धाकट्या बहिणीने जेव्हा सांगितलं की तिला पोटावरची चरबी ऑपरेशन करून काढून घ्यायची आहे, तेव्हा मला आधी हसूच आलं.

ती हसली नाही. ती बायकांना पोहायला शिकवते. बाळंतपणानंतर तिने उपास केले, घाम गाळला, वजन उतरलं, पण पोटाची वळी काही हलली नाही. तेव्हापासून ती पाण्यात उतरलेली नाही. गुडघ्यापर्यंतचा सदरा घालून तलावाच्या काठावर उभी राहते आणि तिथूनच ओरडून हातपाय मारायला शिकवते. लहानपणी हिला पाण्याबाहेर काढायचं म्हणजे बाबांना कान धरावा लागे. तिला तशी कोरडी उभी बघितलं की मला रडू येतं.

डॉक्टरकडे तिने मला सोबत नेलं, ते तोंड न उघडण्याच्या अटीवर. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते, पण डॉक्टरबाई सरळ निघाल्या. हा वजन कमी करायचा उपाय नव्हे, त्या म्हणाल्या. एका जागची हट्टी चरबी बारीक नळीने ओढून घेतात, एवढंच. नंतर सूज येते, अंग काळंनिळं पडतं, कित्येक आठवडे घट्ट पट्टा बांधून राहावं लागतं. कातडी सैल पडली तर ती वेगळी पंचाईत. खरा आकार दिसायला काही महिने जातात. धाकटी सगळ्याला हो हो म्हणत होती. तिला ऐकू तरी येत होतं की नाही, देव जाणे.

मग त्यांनी विचारलं, कधी पायात वगैरे रक्ताची गाठ झाली होती का? कारण तसं असेल तर या ऑपरेशनात पुन्हा गाठ होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो, आणि त्यात माणूस दगावू शकतो.

"नाही," धाकटी म्हणाली.

झाली होती. बाळंतपणानंतर तिची पोटरी सुजून टणक झाली होती, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या मीच तिला वेळेवर देत होते. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आमचे बाबा कडक. त्यांच्यापुढे एकीने थाप मारायची आणि दुसरीने मान डोलवायची, यावर आम्ही दोघी वाढलो. माझी मान डोलली. मी ठरवलंसुद्धा नव्हतं.

बाहेर आल्यावर ती खुशीत होती. तपासण्या कधी करायच्या, सुट्टी कशी काढायची, सगळं बोलत होती. जिना उतरताना मी तिच्या मागे मागे राहिले. ती रिक्षा बघायला पुढे गेली, तशी मी मागे फिरले आणि आत जाऊन सगळं सांगून टाकलं. डॉक्टरबाईंनी तिला परत बोलावून घेतलं. रक्ताच्या डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय मी हात लावणार नाही, त्यांनी स्पष्ट सांगितलं. धाकटीने मान खाली घालून ऐकलं.

रिक्षात ती एवढंच म्हणाली, "बाबांनी मारलं तरी तू कधी मला पकडून दिलं नव्हतंस."

त्यानंतर ती माझ्याशी फार गोड वागायला लागली. फोन करायची, तब्येत विचारायची, पोराचा नवा दात आल्याचं सांगायची. आमच्यात एवढं गोड कधीच नव्हतं. मी धास्तावले.

परवा सकाळी ती पोराला कडेवर आणि त्याची पिशवी खांद्यावर घेऊन माझ्या दारात आली. पोहण्याच्या शिबिराला जायचंय, म्हणाली, चार दिवस याला ठेवून घे.

"कुठल्या डॉक्टरकडे?" मी विचारलं.

तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"पायाचं सांगितलंस का त्यांना?"

"ठेवून घेतेस की नाही, एवढंच सांग."

मी नाही म्हटलं. त्या पोराला मी आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि ते तर माझ्याकडे यायला हात पसरून बसलं होतं. वाटलं, आता ही फणकाऱ्याने निघून जाईल आणि त्याला दुसऱ्या कुणाकडे सोडेल. पण तिने पिशवी खाली टाकली, उंबऱ्यातच बसली, आणि भोकाड पसरून रडली, तेही शेजारची दारं उघडी असताना.

"मला फक्त पाण्यात उतरायचंय गं," ती म्हणाली.

मग उतर ना, तुला धरलंय कुणी, असं अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. पण सगळ्यांच्या नजरेसमोर काठावर उभं राहायचं होतं ते तिला, मला नाही. मी पोराला तिच्याकडून घेतलं आणि तिच्या शेजारी बसले. ती माझ्यापासून जराशी सरकली, पण उठून गेली नाही.