मोहबोडी ते मोहबोडी, मार्गे चंद्रपूर

गावात बस यावी म्हणून धनराजनं सहा वर्षांत तेवीस अर्ज केले होते. चोविसावा लिहायला बसला तेव्हा त्याची बायको रंभा म्हणाली, "एवढ्या कागदाची तं एखादी बस बनली असती." धनराज काही बोलला नाही. बायकोचं बरोबर असलं की तो बोलत नसे, आणि त्यामुळे घरात त्याचं बोलणं तसं कमीच होतं.

मोहबोडी चंद्रपूरपासून अठरा किलोमीटर. ऐकायला काहीच नाही. पण त्यातले पहिले तीन किलोमीटर जंगलाचे, आणि जंगलात वाघ. तो काही करत नाही असं वनखात्याचे लोक म्हणतात, पण ते जीपमध्ये बसून म्हणतात. फाट्यापर्यंत पायी जायची कोणाची छाती नव्हती. गावात एक काळी-पिवळी जीप यायची, ती भरली की निघायची, आणि भरेपर्यंत दहा वाजायचे. धनराजच्या एकुलत्या एका पोरीचं, दिव्यानीचं, फार्मसीचं कॉलेज आठला सुरू. रोज मोटारसायकलनं सोडावं तर शेत कोणी पाहायचं? शिवाय ती मोटारसायकल आपल्या मर्जीची मालकीण होती. मग पोरगी चंद्रपुरात मावशीकडे राहायची. मावशीची एकच खोली. दिव्यानी ओट्याखाली अंथरूण टाकून निजायची आणि शनिवारी गावी आली की "मजेत आहो बाबा" म्हणायची. सोमवारी सकाळी तिला सोडून परत येताना धनराजला त्या जंगलात वाघाची आठवणसुद्धा यायची नाही, इतकं त्याचं मन भरून आलेलं असायचं. पोरगी रोज संध्याकाळी घरी यावी, एवढंच त्याला पाहिजे होतं. बाकी गावाचा विकास-बिकास गेला खड्ड्यात!

आणि या हिवाळ्यात देव पावला. शहराच्या बसेस आता आजूबाजूच्या गावांनाही जाणार होत्या. पण कोणत्या गावाला, हे कोणी माणूस ठरवणार नव्हता. ते मॉडेल ठरवणार होतं. मॉडेल म्हणजे कॉम्प्युटरातला हिशेब: कुठून कुठं किती माणसं जातात ते त्याच्या पोटात घालायचं, मग ते सांगणार बस कुठं लागते. पुण्याची एक कंपनी एक दिवस गावात माणूस पाठवणार, सकाळी सात ते दहा थांब्यावर चाळीस प्रवासी भेटले तर बस, एकोणचाळीस भेटले तर रामराम.

धनराजनं आदल्या दिवशी घर न् घर पालथं घातलं. "खोटं कोणी येऊ नका," त्यानं बजावलं. "ज्याले खरंच काम आहे त्यानंच या. पण या गा!" काम नाही असा माणूस असतो का? नथ्थूभाऊंची कवळी घट्ट व्हायची होती, दसरूची कोर्टाची तारीख होती, बायांची वांगी तोडून तयार होती. सकाळी पावणेसातला थांब्यावर त्रेपन्न माणसं पिशव्या घेऊन उभी. दोन काळ्या-पिवळ्याही धनराजनं सांगून ठेवल्या होत्या. त्यानं तीनदा मोजलं, तिन्ही वेळा त्रेपन्नच. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सातला स्कूटीवरून एक मुलगी आली. नाजिया नाव, चंद्रपूरचीच. तिचे वडील गफ्फारभाऊ बांगड्या घेऊन मोहबोडीला यायचे, त्यामुळे बायांनी तिला लगेच ओळखलं आणि चहा पाजला. तिनं टॅब काढला, ओढणी सारखी केली आणि रांगेतल्या पहिल्या माणसासमोर, म्हणजे नथ्थूभाऊंसमोर, उभी राहिली. एक क्षण तिचा चेहरा कसानुसा झाला. मग तिनं डोळे घट्ट मिटून उघडले आणि वाचलं:

"आपण कुठे चालला आहात?"

संपलं! अहो, निघालेल्या माणसाला 'कुठी चालले' म्हणून पुसायचं असतं का? जाणाऱ्यानं 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, आणि उरलेल्यांनी तोंड मिटून बघायचं, ही आपली रीत. कोणी 'कुठी' म्हटलंच तर परत फिरायचं, घरात टेकायचं, गुळाचा खडा तोंडात टाकून घोटभर पाणी प्यायचं, मगच पुन्हा उंबरा ओलांडायचा. दुसऱ्या गावांत ही रीत आता ढिली झाली आहे. मोहबोडीत ती नथ्थूभाऊंमुळे टिकून होती, आणि नेमका पहिला नंबर त्यांचाच लागला.

"सत्यानाश!" नथ्थूभाऊ कडाडले. सैल कवळी खटकन वाजली. "कुठी म्हून पुसते? भल्या सकाळी?"

"बाबाजी, उत्तर द्या ना," नाजिया काकुळतीला आली.

"कुठी काय कुठी! आता घरी! घरीच चाललो!"

"कशासाठी?"

"पाणी पियाले!" असं म्हणून नथ्थूभाऊ चालू लागले.

नाजियानं टॅबवर बोट टेकवलं. कुठून: मोहबोडी थांबा. कुठे: घर, मोहबोडी. प्रवासाचा उद्देश: यात नोकरी, शिक्षण, बाजार, दवाखाना होतं, पाणी नव्हतं. तिनं 'इतर' दाबलं.

धनराज धावत आला. "पोरी, असं काऊन पुसतेस व? दुसऱ्या शब्दात पुस ना! 'येता का' म्हून पुस."

"काका, मले कळत नाई का? माझी अम्मीबी परत फिरते. तिच्यापायी माझा एक पेपर हुकला होता!" नाजियानं टॅब दाखवला. "हे मशीन आवाज रेकॉर्ड करून राह्यलं. प्रश्न जसाच्या तसा वाचला नाई तं फॉर्म बाद. वरतून साहेबाचा फोन."

आणि तिनं दुसऱ्याला विचारलं. दसरू परत फिरला. कोर्टाच्या तारखेला निघालेला माणूस, तो कशाला जोखीम घेईल? मग बाया. वांग्याच्या टोपल्या डोक्यावर तशाच, आणि सगळ्या वळून घरी. प्रत्येकीचं उत्तर एकच: "घरी जातो मा, पाणी पियाले!" साडेसातला थांब्यावर धनराज, नाजिया आणि एक कुत्रं उरलं. धनराज मटकन खाली बसला. हातातोंडाशी आलेला घास एका 'कुठे'नं पळवला होता.

पण रीत म्हणजे रीत. पंधरा मिनिटांनी गूळ-पाणी करून नथ्थूभाऊ पुन्हा आले. मागून दसरू, मागून बाया. धनराजच्या जिवात जीव आला. नाजियानं साहेबाला फोन लावला. "सर, तीच माणसं परत येऊन राह्यली. काय करू?" साहेब म्हणाले, थांब्यावर येणारा प्रत्येक माणूस नवा प्रवासी समज, गडबड असेल तर मॉडेल पाहून घेईल. नाजियानं कपाळावर हात मारला आणि वाचलं:

"आपण कुठे चालला आहात?"

दहा वाजेपर्यंत मोहबोडीनं असा गूळ खाल्ला आणि पाणी प्यालं. कोणी तीनदा, कोणी चारदा. दसरूच्या घरचा गूळ संपला, त्यानं साखरेवर भागवलं. दहाला टॅब बंद झाला तेव्हा दोन्ही काळ्या-पिवळ्या ठासून भरून निघाल्या. नाजियानं आकडा दाखवला: एकशे ऐंशी.

"एकशे ऐंशी!" धनराज ओरडला. "चाळीस म्हणत होते ना?"

"काका, पण ते सगळे..."

"पण-बिन राहू दे व पोरी. तुझ्या तोंडात साखर पडो."

महिना-दीड महिन्यानं चंद्रपूरला बससेवेच्या सभागृहात बैठक झाली. धनराज इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या ओळीत बसला. पुण्याचे साहेब उभे राहिले, पडद्यावर नकाशा आला. गावागावातून चंद्रपूरकडे निळ्या रेघा येत होत्या, कुठं जाड, कुठं बारीक. मोहबोडीहून रेघ नव्हती. तिथं एक गरगरीत लाल वेटोळं होतं.

"हे फार रोचक आहे," साहेब चष्मा सावरत म्हणाले. "या गावात अंतर्गत प्रवासाची मागणी प्रचंड आहे. थांबा ते घर, तीन तासांत एकशे ऐंशी प्रवासी. चंद्रपूरसाठी मागणी मात्र शून्य. त्यामुळे मॉडेलनं इथं वर्तुळाकार बस सुचवली आहे. थांबा, मारुतीचं देऊळ, पुन्हा थांबा. एकूण सहाशे मीटर. सकाळी सातला एक फेरी, संध्याकाळी पावणेसातला एक."

सभागृह हसून लोळलं. मागून कोणी ओरडलं, "काखेत कळसा अन् गावाले वळसा!" धनराजच्या पायाखालची जमीन सरकली. तो उठला, त्यानं 'कुठी'ची सगळी कहाणी सांगितली, अगदी गुळासकट. साहेबांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"तुमची भावना समजते," ते म्हणाले, "पण डेटा लॉक झाला आहे. पुढचा सर्व्हे दोन वर्षांनी."

दोन वर्षांनी दिव्यानीचं कॉलेज संपून गेलेलं असणार. तोवर ओट्याखालीच निजायचं पोरीनं. तो खाली बसणार, तोच मागून कोणी त्याचा सदरा ओढला. मागच्या ओळीत सर्व्हेच्या पोरांत बसलेली नाजिया होती. ती कानाशी पुटपुटली, "काका, बस रातची कुठी राहीन ते पुसा ना."

धनराजनं तिच्याकडे पाहिलं. मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"साहेब," तो म्हणाला, "आमची बस रातची कुठी राहीन जी?"

"कुठे म्हणजे? डेपोत. इथेच, चंद्रपूरला."

"मंग सकाळी सातले मोहबोडीले येईन कशी?"

"डेपोतून निघेल सव्वासहाला."

"अन् ते वेटोळं घातल्यावर?"

"परत डेपोत. दिवसभर शहरात चालेल. संध्याकाळी सहाला पुन्हा तुमच्याकडे."

"म्हंजे सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मोहबोडीहून चंद्रपूरले निघन, अन् सांजच्याले सहाले चंद्रपूरहून मोहबोडीले. रिकामी?"

"रिकामी," साहेब म्हणाले. आणि म्हणता म्हणता थांबले.

"मंग जाता-येता आमी बसलो तं तुमच्या मॉडेलले काही दुखन का?"

साहेबांनी नकाशाकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं. कुठंही काही दुखत नव्हतं. शेजारी बसलेले डेपोचे म्हातारे अधिकारी मघापासून रुमालात तोंड खुपसून बसले होते. ते डोळे पुसत म्हणाले, "रिकामी गाडी पळवण्यापेक्षा माणसं बसलेली बरी. आणा इकडे कागद." आणि त्यांनी सही ठोकली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! धनराजला बस मिळाली आणि वर मारुतीला प्रदक्षिणाही.

बस आली तो दिवस सोमवार. ठरलेल्या कागदाप्रमाणे तिच्या कपाळावर पाटी होती: 'मोहबोडी ते मोहबोडी, मार्गे चंद्रपूर'. अख्खं गाव थांब्यावर. रंभानं बसला हळदीकुंकू लावलं. सगळे चढून बसले, बसनं देवळाला वळसा घातला, आणि कंडक्टर तिकिटाची मशीन घेऊन नथ्थूभाऊंसमोर उभा राहिला. "हं बाबाजी, कुठे?"

नथ्थूभाऊ उतरले, घरी गेले, पाणी पिऊन आले. बस तोवर थांबली. थांबणार नाही तर काय करेल, गाव उतरायला तयार होतं. तेव्हापासून तो कंडक्टर 'कुठे' विचारत नाही. पाटीकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "येता ना?" लोक म्हणतात, "येतो." तो चंद्रपूरचं तिकीट फाडतो.

त्या दिवशी संध्याकाळी धनराज सहापासूनच थांब्यावर जाऊन बसला. पावणेसातला जंगलाच्या वळणावर दिवे दिसले. बस थांबली. नथ्थूभाऊ उतरले, बाया रिकाम्या टोपल्या घेऊन उतरल्या, आणि सगळ्यांच्या मागून दिव्यानी. एका हातात पेटी, काखेत अंथरुणाची वळकटी. मावशीकडचं सगळं सामान उचलूनच आली होती.

तेवीस अर्ज लिहिणारा माणूस धावत पुढे झाला. वर्षभर दर सोमवारी पोरगी निघताना एक प्रश्न त्याच्या ओठांवर यायचा, आणि अपशकुन नको म्हणून तो गिळून टाकायचा. आज कसली भीती? त्यानं नाक ओढलं आणि थेट विचारलं.

"कुठी चालली व माय?"

"अरे! पुसलं यानं!" नथ्थूभाऊ दचकले. दोन बाया जागच्या जागी थबकल्या.

दिव्यानी हसली. तिनं वळकटी बापाच्या हातात दिली.

"घरी चालली, बाबा," ती म्हणाली. "पाणी पियाले."