काळ्याचे चार थेंब

गाड्यांच्या चाकांवरचे ओरखडे बुजवून द्यायचा धंदा रंगारी बावीस वर्षं करत होता. फूटपाथच्या कडेला घासून खरवडलेली चाकं त्याच्याकडे यायची आणि अशी होऊन जायची की नेमकं कुठे घासलं होतं ते मालकालाच सापडू नये. त्याचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे रंगारीच म्हणत आणि त्यालाही ते आवडे, कारण त्या भागात दुसरा रंगारी नव्हता.

दुसरा निघाला तो त्याच्याच घरात.

दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा खांदा धरला. शर्टाची बाही चढवतानाही डोळ्यांत पाणी यायचं. सहा महिने रंग फवारायची बंदूक उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून त्याने बायकोला दुकानात आणलं. ती तोवर घरी रफूचं काम करायची. जळलेल्या कोटाला, कुरतडलेल्या शालीला नेमक्या रंगाचा धागा शोधण्यात तिचा हातखंडा होता.

रंगारी स्टुलावर बसून शिकवायचा. टायर आणि चाकाच्या मधल्या फटीत खेळायचे जुने पत्ते खोचायचे, म्हणजे टायरवर रंग उडत नाही. ओरखड्याची धार पॉलिश पेपरने उतरवायची, खोल खड्ड्यात पुट्टी भरायची, वाळली की घासायची आणि नख फिरवून बघायचं. नख अडलं तर पुन्हा घासायचं. मग प्रायमर, मग रंग, शेवटी वरून चकाकीचा हात. आणि तयार केलेला रंग आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मारायचा, वाळू द्यायचा, चाकाला लावून उजेडात बघायचा, मगच चाकावर. हे पुठ्ठ्याचं त्याने स्वतः कधीच सोडून दिलं होतं. एवढ्या वर्षांनी आपला डोळाच पुठ्ठा झालाय, असं तो म्हणे.

बायको मात्र एकदाही पुठ्ठा चुकवायची नाही. कंपनीचा रंग एकच असला तरी चार वर्षं उन्हात फिरलेलं चाक पिवळट पडतं, ब्रेकच्या धुळीने काळवंडतं; हे तिला सांगावंच लागलं नाही. ती चाक दारात, उन्हात ठेवायची, मान तिरकी करून बघायची आणि म्हणायची, "यात थोडा पिवळा हवा, अगदी काडीच्या टोकावर येईल एवढा." आणि तेवढाच हवा असायचा.

पहिले दोन महिने रंगाऱ्याने कौतुकाने मिरवलं. "माझी विद्यार्थिनी," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. तिसऱ्या महिन्यात गिऱ्हाइकं फोनवर विचारू लागली, "वहिनी आहेत ना दुकानात?" खांदा बरा होऊन तो कामाला उभा राहिला, तेव्हा आपल्याच दुकानात आपण पाहुणे आलोय असं त्याला वाटलं.

त्यात भर मास्तरांची. हे गाडी चालवायला शिकवायचे. शिकणारी मंडळी महिन्यातून एकदा तरी चाक फूटपाथच्या कडेला घासायचीच. "माझे विद्यार्थी रस्त्याआधी फूटपाथ शिकतात," असं मास्तर दर खेपेला म्हणायचे आणि दर खेपेला बायको हसायची. हाच विनोद रंगाऱ्याने आधी दहा वेळा ऐकला होता आणि त्याला एकदाही हसू आलं नव्हतं. मास्तरांनी एकदा चाकावरून हात फिरवत म्हटलं, की वहिनींच्या हातात काहीतरी वेगळंच आहे. त्या रात्री जेवताना रंगाऱ्याने आमटीला नावं ठेवली, पोळीला नावं ठेवली आणि पाण्याचा तांब्या लांब का ठेवला म्हणून तिलाच विचारलं.

मास्तर सरळ माणूस आहे हे त्याला कळत होतं. बायकोचं काही चुकत नाही, हेही कळत होतं. पण कळून पोटातलं दुखणं थांबत नाही. तिने संपवलेलं चाक तो बॅटरी मारून तपासायचा, नख फिरवायचा. खोट सापडायची नाही. सापडली असती तर त्याला सुखाची झोप लागली असती.

मग एक दिवस दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. पंधरा वर्षांची जुनी गिऱ्हाईक. बायको बाहेर गेली होती, म्हणून त्यांचं राखाडी चाक त्याने आपण होऊन घेतलं. दुपारी ते दारात आणलं, तर उन्हात दुरुस्तीचा तुकडा ठिगळासारखा दिसला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं. त्या हळूच म्हणाल्या, "काही घाई नाही. वहिनी आल्या की बघतील."

बायकोने संध्याकाळपर्यंत चाक पुन्हा घासून नव्याने केलं. त्याला एका शब्दाने बोलली नाही. ते न बोलणंच त्याला जास्त झोंबलं.

दुसऱ्या सकाळी तिने मास्तरांच्या गाडीसाठी रंग कालवला, डब्याला झाकण लावलं आणि चाक धुवायला मागे नळावर गेली. रंगाऱ्याने झाकण उघडलं, काळ्याचे चार थेंब टाकले, काडीने ढवळलं आणि झाकण होतं तसं लावलं. एक चाक बिघडू दे, मग बघू, एवढंच त्याच्या मनात होतं.

चाक बिघडलं नाही. दुपारी तिने पुठ्ठ्यावर रंग मारला, वाळवला, चाकाला लावला आणि बराच वेळ बघत राहिली. मग डबा बाजूला ठेवून नवा रंग कालवला. मास्तर चाक घेऊन खूश होऊन गेले.

इथेच तो थांबला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण पुढच्या दोन आठवड्यांत त्याने तेच आणखी तीनदा केलं. दर वेळी ती पुठ्ठा धरून उभी राहायची, आणि दर वेळी पहिल्यापेक्षा जास्त वेळ. तिने थिनर बदललं. डबे बदलले. रंगवाल्याला फोन करून माल नीट पाठवा म्हणून सुनावलं. सगळ्यांवर तिने संशय घेतला, एका नवऱ्याला सोडून.

चौथ्या खेपेनंतर तिने बंदूक खाली ठेवली आणि हात पुसत म्हणाली, "उद्यापासून रंगाचं तुम्हीच बघा. मी घासायचं काम करीन."

बावीस वर्षांत त्याला कुठलं वाक्य इतकं हवंसं वाटलं नव्हतं. का, म्हणून त्याने विचारलं.

"सकाळी कालवलेला रंग दुपारी मला वेगळा दिसतो. आईचंही असंच सुरू झालं होतं."

तिच्या आईची नजर पन्नाशीतच गेली होती. शेवटी शेवटी ती लेकीचा चेहरा हातांनी चाचपायची. हे रंगाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि चार थेंब टाकताना एकदाही आठवलं नव्हतं.

तिने डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. तो सोबत गेला. बाहेरच्या बाकावर ती हातातली चिठ्ठी गुंडाळत, उलगडत बसली. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. ती ओठातल्या ओठात शेवटची ओळ वाचून बघत होती, शाळेतल्या मुलीने परीक्षेआधी उजळणी करावी तशी. ते त्याला बघवेना.

"डब्यात काळा मी टाकत होतो," तो म्हणाला.

ती वळली. आपण नीट ऐकलं नाही असं तिला वाटलं असावं, कारण तिने "काय?" असं अगदी साध्या आवाजात विचारलं.

"चारही वेळा. चार-चार थेंब. तुझे डोळे चांगले आहेत. माझ्याच पोटात दुखत होतं."

तेवढ्यात आतून तिला बोलावलं. ती उठून गेली. तो बाकावर बसून राहिला. अर्ध्या तासाने ती बाहेर आली. जवळच्या वाचनाला बारीकसा चष्मा, बाकी नजर उत्तम, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे तिने त्याला नाही, बाहेरच्या मदतनीस बाईला सांगितलं.

रस्ताभर ती दोन पावलं पुढे चालत होती. घराच्या कोपऱ्यावर थांबली.

"चाक बिघडवलं असतंत तर मी समजून घेतलं असतं," ती म्हणाली. "पंधरा दिवस मी आरशासमोर उभी राहून एकेक डोळा झाकून बघत होते. आपल्या लेकीला कसं सांगायचं, ते पाठ करत होते. आणि तुम्ही शेजारी बसून जेवत होतात."

त्याने तिथेच कोपऱ्यावर माफी मागितली, ती तिने घेतली नाही, टाकलीही नाही.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली ती कुलूप घेऊनच. रंगाच्या कपाटाला ते लावून किल्ली आपल्या पर्समध्ये ठेवली. महिनाभर ती त्याच्याशी कामापुरतं बोलली: पुट्टी दे, पंखा बंद कर, तो स्क्रू ढिला आहे. इतकी वर्षं त्याला 'अहो' म्हणणारी ती 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आली, हे त्यालाही कळलं नाही, आणि तिला अडवायची त्याची हिंमत झाली नाही.

जळणं काही एका दिवसात विझलं नाही. फोनवर कुणी वहिनींना विचारलं की अजूनही त्याच्या छातीत बारीक कळ येई. पण आता तो फोन तिच्या हातात द्यायचा आणि कळ येऊन जाईपर्यंत हातातलं चाक घासत राहायचा. एकदा एका नव्या गिऱ्हाइकाने त्यालाच चाक दाखवून, काय सुंदर काम केलंत, असं म्हटलं. हो म्हणायचा मोह झाला. ती मागे नळावर होती, ऐकायलाही कुणी नव्हतं.

"मी फक्त घासलंय," रंगारी म्हणाला. "रंग माझ्या बायकोचा आहे. थांबा, बोलावतो तिला."