न पुसलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना चाकू आहे, नेपल्सच्या यहुदी आळीतला. भाजी चिरणारा नव्हे हं! चर्मपत्रावरची चूक खरवडून काढणारा. धार गेली, बढाईची खोड तेवढी राहिली.

माझे धनी शब्ताय. त्यांच्या मेजाशी ख्रिस्ती मठातले साधू, फ्रा तांक्रेदी, रोज येऊन बसत. शब्ताय हिब्रू ग्रंथाचा अर्थ बोलीत सांगत, तांक्रेदी तो लॅटिनमध्ये उतरवत. ग्रंथ एका यहुदी पंडिताचा. त्यात म्हटलं होतं, देव कसा आहे ते माणसाला सांगता येत नाही; कसा नाही, एवढंच सांगता येतं.

तांक्रेदींना सवय स्तोत्रांची. ते भाबडेपणाने मध्येच ‘बलवान, ज्ञानी’ असं घुसडत.

“पुन्हा पदरची भर? खरवडा,” शब्ताय म्हणत.

“अहो, सगळंच खरवडलं तर मठाधिपती म्हणतील, या यहुद्याला देवच नकोय. सोमवारी पान बघायला येतायत. पटलं नाही, तर ग्रंथ चुलीत आणि आपली बैठक बंद.”

“समुद्र ओंजळभर आहे म्हटलं, तर ती स्तुती झाली का?”

तांक्रेदींना ते पटलं. आणि पटलं की हा माणूस वाहवत जायचा. पानाच्या कडेला त्यांनी हौसेने हिब्रूत देवाचं नाव लिहिलं होतं. “मग हाही शब्दच की,” म्हणत त्यांनी मला उचललं. शब्तायनी झडप घालून माझं पातंच मुठीत धरलं. रक्त आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“वेड लागलं का? लिहिलेलं नाव आम्ही पुसत नाही. पान फाटलं तर दफन करतो, पण पुसत नाही.”

“तुम्हीच म्हणालात ना, कुठलाच शब्द त्याला पुरा पडत नाही?”

“नाही पडत. म्हणून तर जपून वापरायचा, फ्रा.”

सोमवारी मठाधिपतींनी पान वाचलं. कपाळावर आठ्या. “तांक्रेदी, तुझा हा यहुदी देवाला मानतो तरी का?”

तांक्रेदींनी शब्तायचा बांधलेला हात दाखवला आणि घडलेलं सगळं सांगितलं. मठाधिपती कडेचं ते नाव बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “लिहा पुढे.”

ग्रंथ पुरा झाला, मठामठांतून फिरला. ख्रिस्ती पंडित त्यावर भांडले, तरी वाचत राहिले, आणि देवाविषयी जरा जपून बोलू लागले. मला फार बरं वाटलं.

आता माझं पातं झिजून बारीक झालंय. शब्तायची नात अजून मला तेल लावते. मित्रांनो, तुम्हीही आपल्या अवजारांना जपा. आयुष्यभर मी हजारो शब्द खरवडले. त्यातला एकही आठवत नाही. आठवतं ते एकच, जे मी खरवडलं नाही.