घरची ओळ

तेल्हारा तालुक्यात भगवंतचं एकरभर वांग्याचं वावर होतं आणि त्या वावरात एक ओळ वेगळी होती. विहिरीच्या अंगाला, जेमतेम वीस झाडांची. तिच्यावर औषधाचा थेंब पडत नसे. पानांची अळीने चाळणी केलेली, फळं वाकडीतिकडी. बाजारात कोणी फुकटही उचलणार नाही अशी. पण घरात भाजी शिजायची ती त्याच ओळीची. बाकीचं वावर मात्र आठवड्यातून दोनदा फवारलं जायचं आणि तिथला चकचकीत माल अकोल्याला जायचा. भगवंतला यात काही वावगं वाटत नव्हतं. भाजी पिकवणाऱ्या त्याच्या शेजाऱ्यांकडेही अशी एकेक ओळ होतीच, आणि ती कोणी लपवतही नसे.

त्यात चंपाषष्ठी तोंडावर आली. आषाढापासून वांगं वर्ज्य केलेली घरं या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग मनसोक्त खातात. म्हणजे वांग्याला उठाव येणारच! नेमकी रविवारी अळी दिसली, म्हणून भगवंतने जालीम औषध मारलं. फवारणीनंतर सात दिवस तोडणी करू नका, असं डब्यावर स्पष्ट छापलं होतं. पण सण होता बुधवारी. सोमवारी सकाळीच त्याने मजूर लावले.

कौशल्याबाई त्याच्याकडे वीस वर्षांपासून तोडणीला येत होती. झाडाजवळ वाकली आणि तशीच थबकली.

"भगवंतभाऊ, कालच फवारलं ना तुमी? अजून वास येऊन राहिला."

"मंग काय झालं? भरताचं वांगं आहे ते. जाळावर भाजतेत, साल काढून फेकतेत. औषध राहते कुठी?"

"तसं असन, तं तुमच्या घरचं भरीत बी यातल्याच वांग्याचं करा ना. ती ओळ काहून राखली मंग?"

भगवंत चिडला. "तोडायचं असन तर तोडा, नाही तं घरी जा!" तो खेकसला. घरी जाणं कौशल्याबाईला परवडणारं नव्हतं. तिने हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि मुकाट्याने तोडायला लागली.

बुधवारी दुपारी भगवंतच्या अंगणात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजली जात होती. बायको शकुन एकेक वांगं फिरवत होती, साल काळी पडून तडकत होती. मिरच्या, लसूण, कांद्याची पात, सगळं परातीत तयार होतं. तेवढ्यात अकोल्याहून रागिणीचा फोन आला. भगवंतची एकुलती लेक. तिला सातवा महिना होता.

"बाबा, काल बाजारात गेली होती मी. एका दुकानात वांग्याच्या कॅरेटवर लाल रंगानं तुमचं नाव दिसलं. इतका आनंद झाला! मी म्हटलं, भरीत करीन तर माझ्या बाबाच्याच वांग्याचं. आता ताटावरच बसून राहिली मी."

काल अकोल्यात पोचला होता तो सोमवारचाच तोडा.

"खाऊ नको!" भगवंत ओरडला. "रागिणी, हात धू आधी! एक घास बी खाऊ नको त्यातला!"

"काहून? बाबा, काय झालं?"

शेवटी सांगावंच लागलं. रविवारची फवारणी, सोमवारचा तोडा, सगळं.

"बाबा, आमच्या बिल्डिंगमधल्या चार जणींनी माह्या सांगण्यावरून तीच वांगी घेतली," रागिणी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "त्यातल्या रूपालीताईनं तर सकाळीच लेकरायले जेवू घातलं. मले सांगितलं तुमी. बाकीच्या तिघींले मी आत्ता जाऊन सांगते, पन बाजारातून ज्याईनं नेलं त्याईले कोन सांगन?"

भगवंतने फोन ठेवला. लेक वाचली, याचा आनंद त्याला होईना. आजही त्याने, त्या ओळीसारखं, घरचं तेवढं बाजूला काढलं होतं! बाजारच्या दुकानदाराला फोन लावला, तर तो खुशीत म्हणाला, "माल कालच उडाला भाऊ, उद्या अजून पाठवा." किती घरांत गेला, कोणाच्या ताटात पडला, हे तो तरी कुठून सांगणार? त्याच्या मुलीसारख्याच कुणाच्या तरी मुली आत्ता जेवायला बसल्या होत्या, आणि त्यांचे बाप त्यांना ओरडून थांबवू शकत नव्हते.

शकुनने ताट वाढलं. भगवंतने ते तसंच उचललं. वर फडकं टाकून तो कौशल्याबाईच्या घरी गेला. तिथे खंडोबापुढे नुसते रोडगे आणि कांद्याची पात ठेवलेली होती.

"घ्या, घरच्या ओळीचं आहे," भगवंत म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना. "आजपासून तोडा बंद. झाडावर सडलं तरी चालन. फवारल्यावर सात दिवस झाल्याबिगर एक बी फळ आता वावराबाहेर जानार नाही."

"देर झाली भाऊ, पन बरं केलं." तिने ताट देवापुढे सरकवलं. "मले हे सांगा, आधीच गेलेल्या मालाचं काय?"

"त्याचं काई नाही करू शकत मी," भगवंत म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडला. कौशल्याबाईने त्याला पाणी दिलं, पण समजूत काढली नाही. समजूत काढण्यासारखी ती गोष्टच नव्हती.

वाचकहो, रूपालीच्या लेकरांना पुढे काही झालं नाही. निदान तेव्हा तरी झालं नाही. बाकीच्या घरांचं भगवंतला कधीच कळणार नाही, आणि हे न कळणं त्याला जन्मभर सोसायचं आहे. आपण शेतात असू, दुकानात असू, नाही तर कचेरीत. जे आपल्या लेकराच्या ताटात वाढायला हात धजत नाही, ते दुसऱ्याच्या लेकराला विकू नये. ते लेकरूही कुणाच्या तरी भरवशावर जेवायला बसलेलं असतं.