चार हातांनी उघडणारा सरता

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्यासारखी वस्तू पाहिलेली नसेल. मी एक जुना सरता आहे. वाशीम जिल्ह्यातल्या मेडशी गावाजवळ एक पाझर तलाव आहे. त्याच्या काठावरच्या जांभळीच्या ढोलीत सध्या माझा मुक्काम असतो.

सरता म्हणजे काय, असे तुम्ही विचाराल. बैलांच्या तिफणीने पेरणी होई तेव्हा तिफणीच्या मागे दोरीने एक बांबूची पोकळ नळी बांधत. नळीच्या डोक्यावर लाकडाची वाटी असे, तिला चाडे म्हणतात. एक बाई नळी हातात धरून मागोमाग चाले आणि चाड्यात मुठीने तूर सोडी. दाणे नळीतून घरंगळत थेट ओल्या तासात, म्हणजे तिफणीने पाडलेल्या चरात, पडत. ती नळी म्हणजे मी.

माझा बांबू शालिग्राम नावाच्या शेतकऱ्याने स्वतः निवडला. आतल्या गाठी तापल्या सळईने फोडल्या, तोंडावर सागाचे चाडे बसवले आणि मला बायकोच्या, चतुराबाईच्या हातात दिले. तो तिफण हाकी आणि ती मला धरून मागे चाले. ओळ संपली की तो मागे वळून विचारी, "थकली का वं?" ती म्हणे, "तुमी बैलाईले इचारा, मले काय इचारता!" तूर उगवली की रस्त्याने जाणारे लोक थांबून बघत. "चतुराबाईचा हात लय सारखा हाय," असे म्हणत. त्या कौतुकात माझाही थोडा वाटा आहे, असे मला वाटे.

पुढे गावात ट्रॅक्टरची पेरणी आली. तिफण मोडीत गेली आणि मला गोठ्याच्या आढ्याला खोचून ठेवले. उन्हाळे गेले, पावसाळे गेले. एके वर्षी एका काळ्या भुंग्याने माझ्या अंगाला बोट जाईल एवढाली भोके पाडून आत घर केले. त्याचे गुणगुणणे ऐकत मी पडून राही. आपल्याकडे कोणीतरी राहायला आले, एवढ्यावरच मी समाधान मानले होते.

त्याच काळात शालिग्रामला लकवा झाला. दवाखान्यातून तो परत आला. काठी टेकत चालूही लागला, पण उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. एकदा तो एसटी स्टँडवर कुणाला तरी गाडीची वेळ विचारायला गेला. शब्द धड फुटेनात. त्या अनोळखी माणसाने त्याला दारू प्यालेला समजून बाजूला लोटले. ज्याने आयुष्यात थेंबाला हात लावला नाही, तो माणूस तसाच घरी आला. त्यानंतर त्याने अंगणाबाहेर पाऊल टाकले नाही. घरातही हो की नाही एवढेच बोले, तेही मानेने.

त्यांची मुलगी निकिता पुण्याला नोकरी करते. वडिलांच्या दुखण्यामुळे ती घरून काम करण्याची परवानगी घेऊन काही महिन्यांसाठी गावी आली. पुण्यात मित्रमैत्रिणींबरोबर तिला जिओकॅशिंग नावाच्या खेळाचा नाद लागला होता. एका संध्याकाळी ती आईला समजावून सांगत होती.

"कोनी तरी एक डबी लपवते. थे कुठं हाय, याचे आकडे मोबाईलवर टाकते. मंग जगातला कोनीबी थे आकडे पाहून हुडकत येते."

"म्हंजे लपवाचं आन् लोकाईनं हुडकाचं? लहान्या पोराईवानी?" चतुराबाई म्हणाली.

"व्हय. डबीत कागद असते, त्याच्यावर आपलं नाव लिवाचं आन् होती तशी ठेवून द्याची. काही डब्या तं अशा असतात, का कोडं सोडवल्याबिगर उघडतच नाहीत. मले आपल्या गावात तसं एक ठेवाचं हाय."

शालिग्राम भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याने वळूनही पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी निकिता गोठ्यात काही जुने लाकूड मिळते का ते शोधत होती. तिची नजर माझ्यावर पडली. मित्रांनो, इतक्या वर्षांनी माणसाचा हात लागला तेव्हा माझ्या अंगावरची धूळ तिच्या डोळ्यांत गेली आणि ती शिंकू लागली! भुंगा केव्हाच उडून गेला होता. तिने मला अंगणात आणले, खालचे तोंड हाताने दाबून धरले आणि धुवायला चाड्यात पाणी ओतले. भोकाभोकांतून पिचकाऱ्या सुटल्या. एक थेट शालिग्रामच्या तोंडावर.

तो दचकला. आणि काही विचार न करता त्याने डाव्या हाताचे बोट त्या भोकावर ठेवले. पाणी दुसऱ्या भोकातून उडाले. त्याने तिथे अंगठा लावला, तर पाणी तिसऱ्यातून आले. निकिताही बोटे लावू लागली. दोघे चिंब भिजले. चतुराबाई दारात आली तर नवरा हसत होता. तोंड एका बाजूला वाकडे होत होते, पण हसत होता. तिने पदर तोंडाला लावला आणि पुन्हा आत गेली.

भोके बुजवू का, असे निकिताने विचारले. शालिग्रामने नको म्हणून मान हलवली. मग प्रयत्नाने शब्द काढला, "राहू... दे." थोडे थांबून म्हणाला, "हेच... तुहं... कोडं."

निकिताने टाळी वाजवली.

त्या दिवसापासून मी दोघांच्या मांडीवर वाढलो म्हणा ना. बेत असा ठरला. मला झाडाला पक्के बांधायचे, म्हणजे कोणी उलटे करू शकणार नाही. डबी माझ्या तळाशी असेल, तिथवर कोणाचे बोट पोचणार नाही. ती वर आणायची तर चाड्यात पाणी ओतायचे आणि सगळी भोके बोटांनी बंद धरायची. पाणी चढेल, त्याबरोबर डबीही तरंगत वर येईल.

पण बेत करणे सोपे असते. निकिताने माझा तळ खुंटी ठोकून डांबराने बंद केला, तर खेळ झाल्यावर आत साचलेले पाणी निघेना. मग खुंटीला बारीक छिद्र पाडावे लागले. डबी म्हणजे होमिओपॅथीच्या गोळ्यांची चिमुकली कुपी होती, तीत कागदाची सुरळी घातली की ती बुडे. शालिग्रामने ज्वारीच्या धांड्यातले, म्हणजे वाळल्या ताटातले, पांढरे हलके भेंड कुपीभोवती बांधायला लावले. ते झकास तरंगले आणि दोन दिवसांत पाणी पिऊन तेही बुडाले! तो खट्टू झाला. निकिताने आपली नेलपॉलिशची बाटली आणली आणि भेंडाला लाल रंगाचे हात चढवले. मग मात्र ते भिजेना.

एक अडचण राहिली. निकिताची बोटे लांब होती. एका हाताने बहुतेक भोके दाबून दुसऱ्या हाताने ती पाणी ओतू शके. शालिग्रामने मला गोल फिरवून पाहिले आणि मागच्या बाजूला कोळशाने खुणा केल्या. तिथे नवी भोके पडली. मला थोडे दुखले, खोटे कशाला बोलू. पण आता एकट्याने मला उघडणे शक्य नव्हते.

"बाबा, कोनी एकटंच आलं तं?" निकिताने विचारले.

"कोनाले... बलावल," शालिग्राम म्हणाला.

निकिताने ग्रामपंचायतीची परवानगी काढली आणि मायलेकींनी मला जांभळीच्या ढोलीत नारळाच्या दोरीने बांधले. शालिग्रामला चल म्हटले, पण तो आला नाही. "लोक... पाह्यतात," एवढेच बोलला. पुढे अकोल्याचे एक जोडपे मला शोधत आले, भिजले, हसले आणि कागदावर नाव लिहून गेले. निकिताने मोबाईलवर त्यांचा निरोप वाचून दाखवला, तेव्हा शालिग्रामने तो पुन्हा वाचायला सांगितला.

आणि मग तो दिवस उगवला.

कस्तुराबाई म्हणून गावातली एक म्हातारी तलावाकाठी शेळ्या चारते. तिची एक पाठ, म्हणजे तरणी शेळी, अचानक मेली. लेकरासारखी वाढवलेली. दुसऱ्या दिवशी जांभळीखाली बसली असता तिला ढोलीत मी दिसलो. दोरीने बांधलेली, भोके पाडलेली नळी आणि आत लालभडक काहीतरी. ती किंचाळत गावात गेली.

"जांभळीत कोनं तरी करनी करून ठेवली वं! त्याच्यानंच माही पाठ मेली!"

निकिता त्या दिवशी वाशीमला गेली होती. चतुराबाई शेतात हरभरा सोंगत होती. अंगणात शालिग्राम एकटा होता आणि रस्त्याने लोक तुराट्यांचे भारे घेऊन मला जाळायला निघाले होते. हे मला मागून कळले. मला दिसले ते एवढेच, की माणसे जमली, गुलाबसिंग नावाच्या उंच गड्याने तुराट्या माझ्या खाली रचल्या आणि खिशातून काडेपेटी काढली. मित्रांनो, तुरीसाठीच मी जन्माला आलो होतो, आणि तिच्याच काटक्यांनी माझा शेवट होणार होता.

तेवढ्यात बांधावरून काठीचा आवाज आला. शालिग्राम येत होता. धोतर चिखलाने भरले होते, वाटेत कुठेतरी पडला असावा.

"जा... जा... नोको," तो म्हणाला. पुढचे शब्द जिभेत अडकले.

"भाऊ, काय म्हनून राह्यले, काही समजत नाही," गुलाबसिंग म्हणाला.

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. याच नजरांना भिऊन तो इतके महिने घरात बसला होता. तो मागे फिरेल असे मला वाटले. पण त्याने काठी घट्ट रोवली आणि एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवला.

"जाळू... नोको. सरता... हाय. माह्या... घरचा."

"हात नोको लावू भाऊ त्याले!" कस्तुराबाई ओरडली. पण त्याने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि तळवा माझ्या अंगावर टेकवला.

"मले... झालं काही?"

कस्तुराबाई भीत भीत जवळ आली. तिने चाड्याकडे पाहिले, मग धरणारीचा अंगठा टेकून टेकून माझ्या अंगावर पडलेल्या गुळगुळीत खळीकडे. तिचा चेहरा बदलला.

"अगं माय! हा तं चतुराचा सरता व्हय. निकी झाली त्या साली चतुरा बाजेवर होती, तवा म्याच तं पेरलं याले धरून!"

"बोटं... लाव, वयनी. गुलाबसिंग, पानी."

गुलाबसिंगने काडेपेटी खिशात घातली आणि डब्यात तलावाचे पाणी आणले. कस्तुराबाईची बोटे माझ्या भोकांवर बसली, शेजारी शालिग्रामची. कुणीतरी मागून हात घातला. पाणी चढत गेले आणि चाड्यात लाल भेंड टुपकन वर आले. माणसे लहान मुलांसारखी ओरडली.

पण कस्तुराबाई खाली बसली. "मंग माही पाठ काहून मेली?" ती रडू लागली. "लय गुनाची होती वं."

शालिग्राम तिच्याजवळ बसला. त्याला कारण ठाऊक नव्हते. त्याने उगाच एखादे रचूनही सांगितले नाही. "वाईट... झालं, वयनी," तो म्हणाला. लोक पांगले, तरी तो तिथेच बसून राहिला.

संध्याकाळी निकिताला सगळे कळले. ती तशीच कस्तुराबाईकडे गेली. "काकू, म्या ग्रामपंचायतीले इचारलं, पन तुमी रोज तिथं बसता, तुमाले सांगतलंच नाही. चुकलं माहं."

"सांगावं लागते पोरी," म्हातारी म्हणाली. "सांगतलं असतं तं म्याच राखन केली असती."

आता ती खरेच राखण करते. मोबाईल हातात घेऊन झाडाभोवती फिरणारी माणसे दिसली की लांबूनच हाक देते, "आदी पानी आना!" ढोली कुठे आहे ते मात्र ती सांगत नाही. "हुडका," म्हणते.

निकिता पुण्याला परत गेली. शालिग्राम रोज उन्हे कलली की तलावावर येतो. कधी नागपूरचे कुणी येते, कधी संभाजीनगरचे. एकट्याने आलेला माणूस थोडा वेळ धडपडतो, मग इकडेतिकडे बघतो आणि शालिग्रामला विचारतो, "काका, जरा हात लावता का?" त्याचे बोलणे पहिल्यांदा कुणाला समजत नाही. मग ते पुन्हा विचारतात आणि तो पुन्हा सांगतो. दोघांनाही घाई नसते, कारण बोटे माझ्यावर अडकलेली असतात. परवा एकाला त्याने तिफणीची अख्खी गोष्ट सांगितली. त्या माणसाच्या बोटांना मुंग्या आल्या, पण त्याने हात काढला नाही.

चतुराबाई अधूनमधून येऊन मला जवसाचे तेल चोळते. तरी माझ्या अंगाला बारीक चिरा पडू लागल्या आहेत. बांबू तो किती टिकणार? म्हणून तुम्हाला एक सांगून ठेवतो. कधी आलात तर पाणी हळू ओता. डबी पुन्हा तळाशी सोडा, दोरी ओढू नका. एखादी वस्तू ओळखीची वाटली नाही तर काडी ओढण्याआधी ती कोणाची आहे ते विचारा. आणि समोरचा माणूस अडखळत बोलत असेल तर त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबा. बोटे थोडी दुखतील. दुखू द्या.